मधे कोणी नाही

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे. फोन सोडून कागद का धरला, तर एक म्हणजे माझा उजवा कान आता पुरता गेला. कानाचे डॉक्टर म्हणाले, आजी, या कानाकडून आयुष्यभर फार काम करून घेतलंत. मी म्हटलं, पगार त्याचाच मिळायचा. दुसरं म्हणजे फोनवर तू मधेच बोलतेस, आणि तू मधे बोललीस की मी विषय बदलते. तुला काय ते माहीत नाही? पस्तीस वर्षं मी हेच करत आले. आज मला सलग बोलायचं आहे. तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती ऐकल्यावर तू माझ्याशी बोलणंच टाकशील अशी मला भीती वाटते. खरंच वाटते. पण एवढं कर, पत्र अर्ध्यावर खाली ठेवू नकोस. रागावलीस तर रागानेच वाच, पण शेवटच्या पानापर्यंत ये. तिथे तुझ्या कामाचं आहे.

आधी इकडची खबरबात. लिफ्ट तीन आठवडे बंद होती, आता सुरू झाली. ती कशी सुरू झाली याची एक वेगळीच कथा आहे, पुढे येईल. चार मजले चढून माझे गुडघे बोलायला लागले होते. समोरच्या बिऱ्हाडातली शिंपीणबाई माझं सामान वर आणून द्यायची आणि त्याच्या बदल्यात तासभर माझ्याशी बोलून घ्यायची. मी बिनदिक्कत उजवा कान तिच्याकडे करून बसायचे. बाल्कनीतली तुझी कुंडी जगली आहे. तुझ्या बाबांची ड्रॉइंगची पेटी मी अजून कपाटातच ठेवली आहे, कुणाला द्यायला हात होत नाही. आणि तू बसवून दिलेलं लॅपटॉपचं मशीन मी रोज पुसते, त्यामुळे ते चांगलं चालत असावं असा माझा समज आहे.

त्या मशीनवरूनच सुरुवात करते. उन्हाळ्यात तू आलीस आणि तू आणि तुझ्या कामावरच्या दोघांनी मिळून केलेला तो फायली पाठवायचा प्रोग्राम मला समजावून सांगायला बसलीस, आठवतंय? जेवणाच्या टेबलावर एक कप इकडे, एक कप तिकडे आणि मधे मिठाची बरणी ठेवलीस. म्हणालीस, आई, एरवी माझी फाईल आधी या बरणीत जाते, तिथे पडून राहते आणि मग तुझ्याकडे येते. बरणी कंपनीची. त्या बरणीवाल्याने झाकण उघडून बघितलं तर? आलेली वस्तू दाबून ठेवून "आलीच नाही" म्हणाला तर? मग तू बरणी उचलून ओट्यावर नेऊन ठेवलीस, दोन्ही कप एकमेकांना टेकवलेस आणि म्हणालीस, हे बघ, मधे कोणी नाही. हॉस्पिटलं एक्स-रे पाठवतात म्हणालीस, वकील कागद पाठवतात. तुझा चेहरा इतका उजळला होता की मला तू शाळेतून पहिला नंबर घेऊन आली होतीस तो दिवस आठवला.

मी एक शंका काढली. मधे कोणीच नाही तर या कपाला त्या कपाचा पत्ता लागतो कसा? तू खूश झालीस. म्हणालीस, बरोबर पकडलंस, ओळख करून देण्यापुरतं कोणीतरी लागतं. ते फक्त सांगतं की हा इथे आहे आणि ती तिथे आहे. फाईल त्याच्या हातात जातच नाही. कुलपाची किल्ली म्हणजे चार शब्दांची खूण, ती पाठवणाऱ्याने घेणाऱ्याला दुसऱ्याच वाटेने कळवायची, तोंडी किंवा कागदावर. खूण एकदा वापरली की संपली. चुकीची टाकली तरी संपली, आणि कुणीतरी कुलूप चाळवलं हे समोरच्याला कळतं. आणि मुख्य म्हणजे दोघांची मशीनं एकाच वेळी उघडी हवीत, दोघं एकाच वेळी हजर हवेत. मी म्हटलं, अगं बाई, ही तर आमची ऑपरेटर झाली. जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. तू हसलीस आणि म्हणालीस, हो, पण आम्ही तिच्यावर विश्वास ठेवत नाही, तिने ऐकायचं ठरवलं तरी ऐकता येणार नाही अशीच रचना आहे. तू सहज बोललीस गं. पण चोराच्या मनात चांदणं. मी उठले आणि धुतलेलाच कप पुन्हा घासत बसले.

मग तू आतल्या खोलीत गेलीस आणि तिथून मला फोटो पाठवून बघितलास. मी चार शब्द टाकले, पडद्यावर "जोडले गेले" आलं आणि मी फटकन झाकण मिटून टाकलं. तू आतून ओरडत आलीस, आई, काय केलंस, अर्ध्यावर तुटलं! मी म्हटलं, जोडलं गेलं ना, मग माझं काय काम? तू पोट धरधरून हसलीस. तीस वर्षांची सवय होती ती, दिवा लागला की आपण बाजूला. तू माझ्या गळ्यात हात टाकून म्हणालीस, आई, आता तू ऑपरेटर नाहीस, तू टोक आहेस, तुला शेवटपर्यंत थांबायचं आहे. तू परत गेल्यावर कितीतरी दिवस हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. भाजी चिरताना, जिना चढताना, सारखं तेच.

आता बोर्डाबद्दल ऐक. तू लहानपणी एकदोनदा माझ्या ऑफिसात आली होतीस, पण तुला फक्त फिरती खुर्ची आठवत असेल. समोर भोकांची भिंत, हाताशी दोऱ्यांची रांग. दिवा लागला की दोरी खुपसायची, "नंबर?" विचारायचं, दुसरी दोरी त्या नंबरात खुपसायची, घंटी द्यायची. पलीकडून "हॅलो" आलं की "बोला" म्हणायचं आणि चावी वर करून आपला कान काढून घ्यायचा. आमच्या मुख्य बाई नव्या मुलींना पहिल्याच दिवशी दम द्यायच्या, "बोला" म्हटल्यावर आपण मेलो. गावातली लग्नं, भांडणं, आजारपणं सगळी माझ्या बोटांखालून गेली, पण मी कुणाचं ऐकलं नाही. तू त्या दिवशी टेबलावर मला विचारलंस की, आई, तू कधी ऐकायचीस का लोकांचं? मी म्हटलं, नियम होता. ते खरंच आहे. परक्यांच्या बाबतीत मी नियम कधी मोडला नाही.

तुझ्या दादाबद्दल आपण या घरात किती वर्षांत बोललो नाही, मोजलंस का कधी? बाबा गेले त्या आठवड्यात मी एकदा विषय काढला होता, त्याला कळवू या का म्हणून. तू पाठमोरी होतीस. म्हणालीस, त्याने मला एक फोन केला नाही, आई. एक. मी अकरा वर्षांची होते. मग तू पडद्याच्या कड्या मोजायला लागलीस आणि मी विषय बदलला. तिथे मी बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण बाबांची खुर्ची रिकामी होती आणि तुझे डोळे सुजले होते.

तो दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. पाण्याच्या टाकीमागचा उतार, दादाची जुनी सायकल, तो एकोणीस वर्षांचा. सीट धरून तुझ्यामागे पळत होता आणि ओरडत होता, पुढे बघ, मी धरलंय. सायकल शिकवणारं प्रत्येक माणूस हेच ओरडतं आणि कधीतरी हात सोडतं. मला माझ्या भावाने असंच शिकवलं होतं. तू मागे वळून बघितलंस, तो वीस पावलं लांब उभा होता आणि हसत होता, आणि समोरून लोखंडी पाइपांची हातगाडी आली. डाव्या हाताची दोन बोटं. तू डावखुरी, बाबा ड्रॉइंगचे मास्तर, आणि तुझ्या पेन्सिलीच्या रेघेत त्यांना त्यांचा हात दिसायचा. हॉस्पिटलात तापाच्या भरात तू एकच घोकत होतीस, तो म्हणाला होता मी धरलंय. बाबा कॉटशी उभे राहून ते ऐकत होते. बोटं राहिली पण वळली नाहीत. तिसऱ्या आठवड्यात बाबांनी दादाला सांगितलं, तोंड दाखवू नकोस. आणि मला सांगितलं, त्याचा आवाज या घरात पुन्हा ऐकू येता कामा नये. तो एक पिशवी घेऊन गेला. दोन पत्रं आली, ती बाबांनी न फोडता परत पाठवली. वाईट माणूस नव्हते ते, हे तुला सांगायला नको. पण मोडेन पण वाकणार नाही असा स्वभाव, आणि त्या एका वाक्यापायी ते आतून मोडलेच.

तो गेल्यावर पाचव्या रविवारी दुपारी चार वाजता माझ्या बोर्डावर बाहेरगावच्या लाईनचा दिवा लागला. रविवारी आम्ही एकच जण बसायचो. पलीकडची ऑपरेटर "बोला" म्हणून निघून गेली आणि आवाज आला, ऑपरेटर, दोन एक चार द्या. आपल्या घराचा नंबर. मी ओळखलं. त्यानेही ओळखलं, कारण मी "नंबर?" म्हटल्यावर तो क्षणभर थांबला होता. दोरी माझ्या हातात होती. घरी बाबा जागे होते आणि तू टेलिफोनच्या टेबलाशी अभ्यासाला बसली होतीस. बाबांनी उचलला तर ते जे बोलतील ते ऐकून हा पुन्हा कधी फोन करणार नाही, असं मला वाटलं. घाबरले मी. माझ्या तोंडून कामावरचं वाक्य निघालं, आपण मागितलेला नंबर उत्तर देत नाही. तो म्हणाला, बरं, ऑपरेटर, पुढच्या रविवारी करतो.

त्या एका दिवसाची भीती तू समजून घेशीलही. पुढचं समजून घेणं अवघड आहे. दुसऱ्या दिवशी मी मुख्य बाईंकडे गेले आणि रविवारची दुपारची पाळी कायमची मागून घेतली. बायका खूश झाल्या, कुणालाच नको असते ती पाळी. घरी सांगितलं, रविवारी गर्दी नसते, निवांत पडतं. खरं कारण हे की दुसरी कोणी बसली असती तर तिने त्याला जोडून दिलं असतं. एक्केचाळीस रविवार, भिंगरी. दर रविवारी चार वाजता तो दोन एक चार मागायचा आणि दर रविवारी मी त्याला सांगायचे, उत्तर देत नाही. मी दोरी खुपसतसुद्धा नव्हते. तू तिथे बसलेली असायचीस आणि घंटी वाजत नव्हती.

आणि आता जे मी आजवर स्वतःशीसुद्धा नीट बोललेले नाही ते सांगते. बाबांच्या धाकापायी मी हे केलं असं मी स्वतःला सांगत आले. ते पहिल्या दोनतीन रविवारांपुरतं खरं आहे. नंतर नंतर मला ते मिनिट हवं असायचं. सोमवारपासून मी त्या मिनिटाची वाट बघायचे. तो कधी "आई" म्हणाला नाही, मी कधी "बाळा" म्हटलं नाही. मी त्याला "आपण" म्हणायचे आणि तो मला "ऑपरेटर" म्हणायचा. पण नंबर मागताना तो हळूच खबर द्यायचा. ऑपरेटर, जरा आवाज बसलाय, ताप होता, आता बरा आहे. ऑपरेटर, लिफ्टच्या कंपनीत लावून घेतलंय मला, उंचावर काम असतं. मी म्हणायचे, सांभाळून काम करावं आपण. मग, नंबर उत्तर देत नाही. एकदा जोडून दिलं असतं तर तुम्ही दोघं बोलला असतात, मग कधीतरी बाबांना कळलं असतं, वादळ झालं असतं आणि माझं मिनिट गेलं असतं. लोकांच्या लाईनी राखायला बसवलेलं कुंपण मी, आणि मीच शेत खाल्लं. तुझ्या वाट्याचा दादा मी दर रविवारी एकटीने खाल्ला. साडेसहाला मी घरी यायचे आणि तू विचारायचीस, आई, आज पण दादाचा फोन नाही? मी म्हणायचे, विसरला असेल गं. हे वाक्य मी म्हटलंय. याच तोंडाने म्हटलंय.

मग बोर्ड काढून टाकायचं ठरलं. आपोआप लागणारे फोन येणार, सगळ्यांचे नंबर बदलणार. बाबांनी अर्ज देऊन आपला नवा नंबर पुस्तकात छापू दिला नाही. शेवटच्या रविवारी तो म्हणाला, ऑपरेटर, उद्यापासून तुम्ही नसणार म्हणे. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, नवा नंबर मिळेल का? पाच आकडे होते गं. मला पाठ होते. दोन श्वासांत सांगून झाले असते आणि पुढच्या रविवारी त्याने थेट तुलाच लावला असता, मधे कोणी नसतं. मी म्हटलं, तो नंबर यादीत नाही.  तो म्हणाला, बरं, ऑपरेटर, काळजी घ्या. दिवा विझला. मुख्य बाई म्हणाल्या, रडू नका, आपल्याला दुसऱ्या खात्यात घेणार आहेत. मी म्हटलं, हो.

असं आहे. तुझ्या दादाने एक फोन केला नाही हे खोटं आहे. त्याने एक्केचाळीस केले. आता थोडं पाणी पी आणि मग पुढे वाच. मीही प्यायला उठले होते.

उन्हाळ्यात तू गेल्यावर ते टोकाचं वाक्य मला स्वस्थ बसू देईना, तेव्हा मी त्याला शोधायला घेतलं. हातात धागा एकच, लिफ्टची कंपनी. आता तुला सांगते, हल्ली कुठेही फोन लावा, माणूस म्हणून येत नाही. एक दाबा, दोन दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मेली ती टेपवरची बाई! तीस वर्षांत मी कुणाला एवढा वेळ ताटकळत ठेवलं असतं तर मुख्य बाईंनी मला दोरीनेच बांधलं असतं. चार कंपन्या झाल्या, नऊ दिवस गेले. शेवटी एका ठिकाणी खरीखुरी, जिवंत मुलगी आली. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, ते आता फिरतीवर नसतात, नव्या मुलांना शिकवतात, थांबा हं आजी, जोडते. आणि जोडून ती गेली. काही विचारलं नाही, ऐकत थांबली नाही. एवढंच काम असतं गं. एवढंच.

तो लाईनवर आला, हॅलो म्हणाला, आणि माझं सगळं ठरवलेलं पळालं. तोंडून निघालं, आपल्यासाठी कॉल आहे.  मग तो म्हणाला, ऑपरेटर? पस्तीस वर्षांनी. माझ्या पोरा, म्हटलं मी, आणि रडायला लागले. त्याने मला रडू दिलं. त्याने विचारलेला पहिला प्रश्न ऐक. तो म्हणाला, तिची बोटं? मी म्हटलं, आठ बोटांनी टाइप करते आणि दहावाल्यांना मागे टाकते. मग तो रडला. नंतर मी त्याला सगळं सांगितलं, तू टेबलाशी बसायचीस, मी दोरी खुपसतही नव्हते, सगळं. त्याला वाटत होतं की तूच फोन उचलत नाहीस. इतकी वर्षं त्याला तसंच वाटत होतं. बोटांपायी रागावली असेल, हक्कच आहे तिचा, असं म्हणून तो गप्प राहिला. तो मला एक शब्द टाकून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. आमच्या लिफ्टचं रडगाणं गायले तेव्हा म्हणाला, फोन लिफ्टच्या दाराशी धर आणि बटण दाब. आवाज ऐकून कुठला पट्टा घसरतोय ते त्याने सांगितलं आणि आमच्या मिस्त्रीने वर चढून बघितलं तर तेच. शिंपीणबाई अजून तोंडात बोट घालून आहे.

मी त्याला तुझा नंबर द्यायला निघाले. या वेळी आकडे माझ्या जिभेवर तयार होते. तर त्यानेच घेतला नाही. म्हणाला, अचानक घंटी वाजली तर तिला उचलावा लागेल, नाहीतर ठेवून द्यावा लागेल, दोन्हीची जबरदस्ती नको. पण माझ्याकडे तिच्यासाठी ठेवलेलं काहीतरी आहे, ते तिच्या हातात पडावं, दुसऱ्या कुणाच्या नाही. तेव्हा माझ्या डोक्यात मिठाची बरणी आली. मग काय, दोन रविवार मी माझ्या पंचावन्न वर्षांच्या लेकाला माझ्या लेकीचा प्रोग्राम फोनवरून शिकवला! तो लिफ्ट उघडून जोडणारा माणूस, पण मशीनपुढे अगदी माझ्यासारखाच ढ. आधी आम्ही दोघांनी सराव केला. त्याने मला एका लिफ्टचा फोटो पाठवला, आणि "जोडले गेले" आल्यावर मी झाकणाला हात लावला नाही. आकडा शंभरावर येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

तुझ्यासाठीची फाईल बरीच मोठी आहे, पोचायला दोनेक तास लागतील म्हणतो. त्यात काय आहे मला माहीत नाही. मी विचारलं नाही. शपथेवर सांगते, विचारलं नाही. खूण त्याने स्वतःच्या शब्दांची ठेवली आणि ती तुला कळवायचं काम माझ्याकडे दिलं. मी म्हटलं, अरे, माझ्याकडे नको देऊस, मी काय केलंय ते आत्ताच ऐकलंस ना? तो म्हणाला, तूच जोड, ऑपरेटर.

आणि एवढं ऐकूनही मी काय केलं ते सांगते, आता लपवाछपवी पुरे झाली. गेल्या रविवारी चारला तो मशीन उघडून बसला होता, मला ठाऊक होतं. मी माझं मशीन उघडलं. खूण माझ्याजवळ होती. टाकली असती तर फाईल माझ्याकडे उतरली असती आणि तुझी खूण खलास. मी तीन शब्द टाकले. चौथ्यावर माझा हात थांबला. मी एकेक अक्षर खोडलं आणि कानाला खडा लावला. या वेळी जोडलंच नव्हतं, म्हणून झाकण मिटलं. मग हे पत्र लिहायला बसले. लिहायला पाच दिवस लागले. तुम्ही दोघं बोललात की माझा विषय निघणार आणि तुम्ही दोघं मिळून माझ्यावर रागावणार. निघू दे विषय. माफ कर असं म्हणायला मला तोंड नाही, पण मी चुकले, फार चुकले, आणि तुला ते माझ्याकडून कळायला हवं होतं. तुझा फोन आला नाही तर का आला नाही ते मला समजेल. कुंडीला पाणी घालत राहीन.

तर भिंगरी, एवढं सगळं लिहिलं ते चार शब्दांसाठी. दर रविवारी इथल्या घड्याळाने चार ते सहा, तुझ्याकडे तेव्हा सकाळ असते, तो मशीन उघडं ठेवून बसणार आहे. किती रविवार, विचारलं तर म्हणाला, मला सवय आहे. तुला नको असेल तर जाऊ नकोस, तो पुन्हा त्रास देणार नाही. जायचं असेल तर झाकण उघड, हे शब्द टाक आणि शेवटपर्यंत थांब. शब्द असे आहेत: पुढे, बघ, मी, धरलंय. मी ते कुठे लिहून ठेवलेले नाहीत. एवढा हा कागद आहे आणि तो आता तुझ्या हातात आहे. आपण मागितलेला नंबर लागला आहे. बोला.

तुझीच, आता बाजूला झालेली,
आई